शिडीखाली राहिलेला अर्धा जीव

बंद पडलेल्या फर्निचरच्या दुकानात त्या रविवारी मुंगीला शिरायला जागा नव्हती. दुकान बुडालं तेव्हा मालकाने न खपलेले सोफे तसेच टाकून दिले होते. त्यांची प्लॅस्टिकची आवरणंसुद्धा काढली नव्हती. त्यांवर माणसं दाटीवाटीने बसली होती आणि कुणी जरा कूस बदलली की अख्खा सोफा करकरत होता. समोर एका ड्रेसिंग टेबलाच्या आरशाला पाठ करून जीवजोडे महाराज बसले होते. त्यामुळे ते पुढून आणि मागून असे एकदमच दिसत. भक्त त्याला दुहेरी दर्शन म्हणत. बाईंना मात्र मागच्या बाजूने फक्त त्यांचं टक्कल दिसत होतं.

बाई म्हणजे हायस्कुलात विज्ञान शिकवणाऱ्या बाई. मुलांनी त्यांचं नाव ‘कशावरून बाई’ ठेवलं होतं, कारण कुणी काहीही सांगितलं की त्यांचा पहिला शब्द तोच असे. अशा बाई महाराजांच्या दरबारात शेवटच्या रांगेत उभ्या होत्या. त्याला कारण होता त्यांचा धाकटा भाऊ.

मागच्या रविवारी ह्याच भावाला दोन माणसांनी काखेत धरून इथे आणलं होतं. आज तो स्वतःच्या पायांनी आला, पायऱ्या चढला, सगळ्यांदेखत महाराजांपुढे उभा राहिला आणि म्हणाला, की भूक लागली आहे, खायला काही मिळेल का.

दुकानभरचे सगळे सोफे एकदम करकरले. बाया रडू लागल्या, बाप्ये हात जोडून उभे राहिले. भावाची बायको, म्हणजे बाईंची वहिनी, तर महाराजांच्या पायांवर पडली ती उठेचना. महाराज डोळे मिटून हसत होते. बाईंना ‘कशावरून’ म्हणायची सोयच नव्हती. भाऊ समोर धडधडीत उभा होता आणि कुणीतरी दिलेला ब्रेड मचामचा खात होता.

भाऊ पाट्या रंगवायचा. गावात सगळे त्याला आर्टिस्ट म्हणत. दुकानांच्या, शाळांच्या, दवाखान्यांच्या निम्म्या पाट्या त्याच्या हातच्या होत्या. माणूस मोठा बोलघेवडा. शिडीवर चढला की खालून जाणाऱ्या प्रत्येकाशी गप्पा मारायचा आणि त्या नादात एकदा शिडीच सरकली. डोकं फुटपाथच्या कडेवर आपटलं. इस्पितळात काही दिवस तो बेशुद्धच होता. मग शुद्धीवर आला, टाके निघाले, मेंदूचे फोटो निघाले आणि सगळं ठीक आहे असं सांगून त्याला घरी पाठवलं. घरच्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला.

पण पुढे काही महिन्यांत तो वातीतलं तेल संपावं तसा विझत गेला. ऐन उन्हाळ्यात स्वेटर घालून बसू लागला. पानात वाढलेलं तसंच राहू लागलं. उठून उभा राहिला की भोवळ यायची. दाढी तर जणू वाढायचीच विसरली. चेहरा पांढराफटक पडला आणि सगळ्यांत वाईट म्हणजे बोलणं आटलं. आधी जो माणूस ताईशी प्रत्येक गोष्टीवर वाद घालायचा, तो आता ती म्हणेल त्याला मान डोलवू लागला. तेव्हा मात्र बाई घाबरल्या. गल्लीतल्या डॉक्टरांनी टॉनिक दिलं, मग दुसरं टॉनिक दिलं आणि शेवटी मनाने घेतलंय म्हणून सांगितलं. शिडीवरून पडल्याला आता बरेच महिने झाले होते, जखम भरली होती. त्या पडण्याचा आणि ह्या थकण्याचा काही संबंध असेल, असं कुणाच्याच डोक्यात आलं नाही.

आलं ते एकट्या महाराजांच्या. तेवढं श्रेय त्यांना द्यायला हवं.

महाराजांचं तत्त्वज्ञान सोपं होतं. माणूस पडतो तेव्हा शरीर उठतं, पण अर्धा जीव तिथेच पडून राहतो. त्याच्यावरून लोक चालतात, सायकली जातात, म्हणून ह्या माणसाचं अंग ठणकतं. आर्टिस्टचा अर्धा जीव अजून त्या शिडीखाली आहे, आणि फुटपाथ गार म्हणून त्याला थंडी वाजते. वहिनीला हे एकदम पटलं. टॉनिकवाल्या डॉक्टरांनी थंडीचं कारणच सांगितलं नव्हतं. मग ज्याला त्याला आपण कधी ना कधी कुठेतरी पडलो होतो हे आठवू लागलं. शेजारच्या आजीबाईंचा अर्धा जीव न्हाणीघरात सापडला, म्हणून तर त्यांचे गुडघे दुखत होते. निवृत्त पोस्टमास्तरांना दमा होता. ते आयुष्यात कधी पडलेच नव्हते. महाराजांनी त्यांना लहानपणी पाळण्यातून पाडलं.

जीव जोडायची रीतही ठरलेली होती. प्रत्येकाने एक कोरा कागद घ्यायचा, त्यावर मनातल्या मनात आपलं दुःख लिहायचं आणि महाराजांच्या हाती द्यायचा. महाराज तो पितळी भांड्यात जाळायचे आणि राख घेऊन पडद्यामागे जायचे. थोड्या वेळाने आतून नाद सुरू व्हायचा. घुं करून बारीक सुरू होणारा आणि चढत चढत छातीत घुमणारा. भक्त सांगत, की हा नाद महाराजांच्या बेंबीतून निघतो. नाद थांबला की महाराज घाम पुसत बाहेर यायचे आणि ज्याच्या त्याच्या हातावर पुड्या ठेवायचे.

पुडीतली पूड पांढरी असायची. बाईंनी पहिल्याच रविवारी विचारलं होतं, की काळी राख आत गेली आणि पांढरी बाहेर कशी आली. महाराज गोड हसून म्हणाले, दुःख काळं असतं बाई, सुख पांढरं असतं. दुकानभर हशा पिकला. बाईंना वर्गातली मुलं हसली तर चालत असे, पण त्या दिवशी कानशिलं तापली.

आणि आता तर ती पांढरी पूड लागू पडली होती. भाऊ चौथ्या दिवशी अंगणात फिरू लागला, सातव्या दिवशी जेवणात मीठ कमी आहे म्हणून कुरकुरला. बाईंनी खूप विचार केला. मनाचा खेळ म्हणावा, तर मन इतके महिने कुठे गेलं होतं? घरात वहिनी भांडी जरा जास्त वाजवून ठेवत होती. एका संध्याकाळी बाईंनी स्वतःच तिच्यापाशी कबूल केलं, की पुडीने गुण आला आहे, हे खरं. फक्त तो का आला हे मला कळत नाही, आणि तेवढं कळेपर्यंत मला चैन पडणार नाही. वहिनी म्हणाली, “ताई, माणूस उठला ना? मग कारण शोधत बसायची हौस कशाला?”

बाईंना ती हौस होतीच. त्या नाद ऐकायला म्हणून दर रविवारी जाऊ लागल्या आणि भक्तांकडे बघत बसू लागल्या. आजीबाईंचे गुडघे दुखायचे खरोखर थांबले होते. पोस्टमास्तरांची धापही थांबली होती. पण दोघांचेही चेहरे पुरीसारखे फुगले होते. आजीबाईंच्या हातावर जरा कुठे लागलं तरी काळेनिळे डाग उठत. पोस्टमास्तरांना भूक आवरत नव्हती, झोप येत नव्हती, आणि कधी नव्हे ती रक्तातली साखर वाढली होती. महाराज म्हणाले, जीव भरला की चेहरा भरणारच. बाईंना प्रश्न पडला, की न्हाणीघरातला जीव आणि पाळण्यातला जीव हे दोन्ही गालांतच का येऊन बसतात.

दुसरी गोष्ट त्यांनी कुणाला सांगितली नाही. एकदा ऐन नादात वीज गेली होती. पंखे थांबले, आणि नादही थांबला. महाराज श्वास घेत आहेत, असं भक्त म्हणाले. मग वीज आली, पंखे फिरले आणि त्याच क्षणी नादालाही सूर सापडला.

बाई हे सगळं जुळवत होत्या, तेवढ्यात महाराजांनी नवा हुकूम काढला. पुढच्या महासभेला बाहेरगावचे लोक येणार होते. त्यांनी आर्टिस्टचं पहिलं उठणं बघितलं नव्हतं. तेव्हा आर्टिस्टने तोवर पुडी बंद ठेवायची. जीव परत शिडीखाली जाईल, त्याला आडवं करून आणायचं, आणि महाराज भर सभेत तो पुन्हा जोडतील. वहिनीला हा मोठाच मान वाटला. बाईंनी विरोध केला तो वेगळ्या कारणाने, माझा भाऊ काय जादूगाराचा ससा आहे का, म्हणून. पुडी थांबवण्यात जिवाचा धोका असेल, हे त्यांनाही माहीत नव्हतं.

दोनच दिवसांत आर्टिस्टला उलट्या सुरू झाल्या. पोटात पाणी ठरेना. अंग गार पडलं, बोलणं बरळल्यासारखं येऊ लागलं आणि मग तेही थांबलं. वहिनी म्हणत होती, महाराजांनी सांगितलंय तसंच होतंय, रविवारपर्यंत धीर धरा. बाईंनी मनगट धरलं तर नाडी लागता लागेना. त्यांनी वहिनीशी एक शब्दही वाद घातला नाही. शेजाऱ्याचा टेम्पो दारात आणला आणि म्हणाल्या, “वहिनी, रविवारी हवा असेल तर आज त्याला जगवावा लागेल. बसा पुढे.” वहिनीने नवऱ्याच्या तोंडाकडे पाहिलं आणि चपला न घालताच टेम्पोत चढली.

मोठ्या इस्पितळात त्या वेळी ग्रंथींच्या विकारांच्या डॉक्टरीणबाई होत्या. ठेंगण्या, जाड चष्म्याच्या, आणि बोलता बोलता पेशंटच्या पापण्या, नखं, दाढी असं सगळं बघून घेणाऱ्या. रक्तदाब पाताळात होता, साखरही उतरलेली. त्यांनी सलाइन लावायला सांगितलं, रक्त काढून घेतलं आणि तपासणीची वाट न बघता एक इंजेक्शन दिलं. मग विचारलं, की ह्यांना डोक्याला कधी मार लागला होता का.

मार लागला होता, पण त्याला आता वर्ष होत आलं, असं बाईंनी सांगितलं. आणि मग मान खाली घालून पुडीचंही सांगितलं. पुडी घेतली की चार दिवसांत उठतो आणि थांबवली की असा होतो. डॉक्टरीणबाई चिडतील, असं त्यांना वाटलं होतं. त्यांनी उलट पुडी मागून घेतली, चिमूटभर पूड कागदावर पसरली आणि त्यातला एक न दळलेला तुकडा चिमट्याने उचलला. गोळीचाच तुकडा होता, त्यावर अर्धी रेघसुद्धा शाबूत होती. त्यांनी पूड प्रयोगशाळेत पाठवली.

दिवस मावळायच्या आत आर्टिस्टने डोळे उघडले. पाणी मागितलं, मग चहा मागितला, आणि चहा पाणचट आहे म्हणाला. राख नाही, नाद नाही, आरशातलं टक्कल नाही. नाव छापलेल्या इंजेक्शनच्या एका छोट्या बाटलीतून तोच चमत्कार पुन्हा झाला होता. वहिनी कितीतरी वेळ ती रिकामी बाटली हातात फिरवत होती.

दोन दिवसांनी तपासण्या हाती आल्यावर डॉक्टरीणबाईंनी तिघांना समोर बसवून समजावलं. मेंदूच्या तळाशी वाटाण्याएवढी एक ग्रंथी असते, देठाला लोंबकळल्यासारखी. तिला पीयूषिका म्हणतात. ती आहे शरीराची मुकादम. गळ्यातल्या ग्रंथीने किती काम करायचं, मूत्रपिंडावर बसलेल्या ग्रंथींनी किती रस सोडायचा, पुरुषाला दाढी आणि जोम कुठून यायचा, सगळे हुकूम तीच सोडते. डोक्याला जोराचा हिसका बसला की तिचा देठ नाहीतर रक्तपुरवठा दुखावतो. जखम भरते, फोटो ठीक येतात आणि मुकादम हळूहळू मुका होतो. मग कामगार धडधाकट असूनही हातावर हात धरून बसून राहतात. त्यातला एक रस नसला तर माणूस साध्या तापातही जाऊ शकतो. त्याचं नाव कॉर्टिसॉल. तो शरीरात बनत नसेल तर स्टेरॉइडच्या गोळीने भरून काढता येतो. महाराजांच्या पुडीत, प्रयोगशाळेच्या म्हणण्याप्रमाणे, तीच दळलेली गोळी होती.

बाईंमधली शिक्षिका इथे जागी झाली. त्यांनी विचारलं, की ह्या गोळीनेच तर त्याची ग्रंथी झोपवली नसेल कशावरून? डॉक्टरीणबाई पहिल्यांदाच मनापासून हसल्या. प्रश्न बरोबर आहे, म्हणाल्या. जास्त दिवस घेतली की ती गोळी ग्रंथींना आळशी करते हे खरंच. पण हा पुडीच्या आधीच आजारी होता. शिवाय गळ्याच्या ग्रंथीचा रस कमी असूनही वरून हुकूम येत नाही, दाढीचा रसही तसाच. म्हणजे दुखणं मुकादमाचं आहे. आधी ह्या गोळीचा मोजका डोस, तो बसला की गळ्याच्या ग्रंथीची गोळी, मग बाकीचं. बहुतेक जन्मभर, पण धडधाकट.

“म्हणजे माझा जीव शिडीखाली नव्हता,” आर्टिस्ट म्हणाला.

“नव्हता. नाकाच्या मागे, जरा वर,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

महासभेच्या दिवशी दुकानात आर्टिस्टसाठी एक लांब सोफा मोकळा ठेवला होता. पांढरी चादर, उशी, सगळं तयार. आणि आर्टिस्ट आला तो चालत, तोंडात बडीशेप चघळत. त्याच्यामागे बाई, वहिनी, डॉक्टरीणबाई आणि त्यांनी बोलावलेले औषध खात्याचे एक अधिकारी. महाराज क्षणभर गडबडले. पण असा गडी हरतो थोडाच! त्यांनी दोन्ही हात वर केले आणि जाहीर केलं, की आम्ही ह्याचा जीव दुरूनच जोडला. सोफे करकरले, टाळ्या कडाडल्या. बाहेरगावचे लोक आर्टिस्टच्या पाया पडू लागले. आता इथे बोलून उपयोग नाही, हे बाईंनी ओळखलं. शब्दांत महाराजांचा हात धरणारं कुणी नव्हतं.

त्या मुकाट्याने दाराजवळच्या कपाटाला टेकून उभ्या राहिल्या. कागद जळले. महाराज राख घेऊन पडद्यामागे गेले. घुं करून नाद सुरू झाला, चढला, लोकांनी डोळे मिटले. बाईंनी कपाटाच्या मागे हात घातला आणि विजेचं मुख्य बटण खाली ओढलं.

पंखे मंदावले. नाद घरघरत खाली आला आणि गप्प झाला. त्या शांततेत पडद्यामागून महाराजांचा अगदी घरगुती आवाज आला, “अरे फ्यूज बघ कुणीतरी, अजून निम्म्या दळायच्यात.”

लोकांनी डोळे उघडले. अधिकाऱ्यांनी पडदा बाजूला केला. आत टेबलावर स्वयंपाकघरातला मिक्सर होता. त्याच्या भांड्यात अर्धवट दळलेल्या गोळ्या होत्या, शेजारी गोळ्यांच्या रिकाम्या पट्ट्यांचा ढीग होता. आणि टेबलाखाली एक प्लॅस्टिकची बादली होती, काळ्या राखेने काठोकाठ भरलेली. लोकांची दुःखं जशी आत गेली होती तशीच तिथे पडून होती. कुणी त्यांना हातसुद्धा लावला नव्हता.

महाराज पूर्वी एका औषधांच्या गोदामात कामाला होते. दुखणं कुठलंही असो, ह्या गोळीने माणसाला चार दिवस तरतरी येते एवढं ते तिथे शिकले होते, आणि तेवढ्याच शिकण्यावर देव झाले होते. पकडले गेल्यावरही त्यांनी छाती काढून विचारलं, “माझ्या औषधाने हा उठला की नाही?”

सभा चुळबुळली. उठला तर होताच. तेव्हा डॉक्टरीणबाई त्या पांढऱ्या चादरीच्या सोफ्यावर चढल्या, कारण खालून त्या कुणाला दिसल्या नसत्या. त्यांनी सांगितलं, की उठला, आणि तुम्ही पुडी थांबवलीत म्हणून तो मरायला टेकला. औषध खरं आहे, म्हणूनच ते असं लपवून द्यायचं नसतं. ज्याला त्याची गरज आहे त्याला ते मोजून आणि रोज लागतं. ज्याला गरज नाही त्याची साखर चढते, हाडं पोकळ होतात, साधी जखम भरत नाही.

आजीबाईंनी आपले फुगलेले गाल चाचपले. पोस्टमास्तर संतापाने लालबुंद झाले आणि खिशातल्या पुड्या काढून बादलीत फेकायला निघाले. त्यांच्यामागे आणखी पाच-पंचवीस जण उठले. डॉक्टरीणबाईंनी सोफ्यावरूनच त्यांना दरडावलं.

“कुणीही एकदम बंद करायची नाही. ज्यांनी बरेच दिवस घेतली आहे त्यांच्या ग्रंथी आता झोपल्यात. रागाने फेकाल तर ह्याच्यासारखेच आडवे व्हाल. इथून सरळ इस्पितळात चला. पुडीऐवजी नावाची गोळी देऊ आणि हळूहळू उतरवू.”

बाईंना वाटलं होतं, की भांडाफोड झाली की काम संपलं. आता त्यांना लोकांच्या रांगा लावाव्या लागल्या, आजीबाईंना टेम्पोत चढवावं लागलं. खोटं उघडं पाडणं सोपं होतं, त्यात अडकलेली माणसं सुखरूप बाहेर काढणं हेच खरं जिकिरीचं. महाराजांना अधिकारी घेऊन गेले. जाताना त्यांनी मिक्सर परत मिळेल का म्हणून चौकशी केली.

त्या संध्याकाळी घरी वहिनीने सरळच विचारलं, “पुडीने हे उठले ते खरंच ना ताई? मग माझं चुकलं कुठे?”

बाईंनी तिची टर उडवली नाही. तो प्रश्न उडवण्यासारखा नव्हताच. त्या म्हणाल्या, “तुम्ही ह्याला घेऊन धावलात, त्यात काहीच चुकलं नाही. आम्ही सगळे बसून होतो. फक्त पुडीत काय आहे हे विचारलं नाहीत. औषध खरं होतं वहिनी, महाराज खोटे होते. गुण आला म्हणजे गुण देणाऱ्याचं सांगणं खरं ठरत नाही.”

ह्या गोष्टीत सांगायचं ते एवढंच. डोक्याला जबर मार लागलेला माणूस बरा होऊन घरी आला, आणि मग काही महिन्यांनी गारठू, थकू, मिटू लागला, तर त्याचा अर्धा जीव शोधत रस्तोरस्ती फिरू नका. तो आळशी झाला असंही म्हणू नका. डॉक्टरांना त्या जुन्या माराची आठवण करून द्या आणि रक्त तपासायला सांगा. आणि गुण येवो न येवो, ज्या पुडीवर नाव नाही ती तोंडात टाकू नका.

आर्टिस्टची दाढी पुन्हा वाढू लागली. तो ताईशी कडाकडा भांडू लागला, आणि डॉक्टरांनी परवानगी दिल्यावर कामालाही लागला. ताप आला की गोळी वाढवायची असते आणि उलट्या झाल्या की थेट इस्पितळ गाठायचं असतं, हे वहिनीला आता झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येतं.

मध्यंतरी एक गोडबोल्या माणूस दारावर आला. त्याच्याकडे चुंबकाच्या पाण्याची बाटली होती आणि ती सगळ्या दुखण्यांवर चालत होती. बाई आत वह्या तपासत होत्या. त्या चष्मा सावरून उठणार, तोच वहिनीचा आवाज आला. ती शांतपणे विचारत होती, की ह्यात काय आहे, ते कशावर चालतं, कशावर चालत नाही, आणि थांबवलं तर काय होतं. माणूस अडखळत उत्तरं देत राहिला, तिसऱ्या प्रश्नाला त्याने बाटली पिशवीत घातली आणि चौथा संपायच्या आत तो फाटकाबाहेर पडला होता.

बाई परत खाली बसल्या आणि त्यांनी पुढची वही उघडली.